संघाची वर्गणी आणि खेळाडूची फी

सर्व सोंगें आणतां येतात, परंतु पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, ही आपल्या भाषेंतील जुनी म्हण क्रीडांगणासही लागू पडते. मैदान सारखें करणें, चेंडू व जाळीं आणणें, पंचांस मानधन देणें, परगांवच्या सामन्यासाठीं मोटारीचें भाडें भरणें, हा सर्व खर्च कोणी तरी सोसलाच पाहिजे. तो कोणी सोसावा, हा प्रश्न वरवर पाहतां हिशेबनिसाचा वाटतो. परंतु किंचित् खोल विचार केला असतां तो शिक्षणाचा व न्यायाचा प्रश्न आहे, असें दिसून येतें. म्हणून त्याचा थोडासा विचार विद्यार्थी बंधुभगिनींपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शालेय खेळांचा खर्च भागविण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला, शाळेच्या सामान्य फंडांतून किंवा सरकारी तिजोरींतून खर्च करणें. दुसरा, जो मुलगा किंवा मुलगी खेळणार त्याच्याकडून वा तिच्याकडून फी घेणें. आणि तिसरा, सर्व संघाच्या नांवें लोकांकडून वर्गणी जमविणें. पहिल्या मार्गांत पैसा अपुरा पडूं लागला, म्हणजे चालकांची दृष्टि साहजिकच दुसऱ्या मार्गाकडे वळते.

फीच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहींच नाहीं, असें नव्हे. ज्याला लाभ त्यानें भार वाहावा, हें तत्त्व सकृद्दर्शनीं योग्य वाटतें. शिवाय फीचें उत्पन्न किती येणार हें आधीं ठाऊक असतें, त्यामुळें वर्षाचें अंदाजपत्रक करणें सोपें जातें. परंतु या योजनेंत एक दोष दडलेला आहे. समजा, परगांवच्या सामन्यासाठीं मोटारीचें भाडें ३००० रुपये पडतें आणि संघांत २० खेळाडू आहेत. प्रत्येकाचा वांटा १५० रुपये झाला. तो न झेपल्यामुळें पांच मुलें गळालीं. मोटारीचें भाडें मात्र तेवढेंच राहिलें. तेव्हां उरलेल्या १५ जणांवर प्रत्येकीं २०० रुपयांचा भार पडला. आतां १५० रुपये कसेबसे देणारींही मुलें मागें सरणार! याप्रमाणें फी वाढत जाते व संघ आटत जातो. शेवटीं उरतात ते उत्तम खेळणारेच असतील असा नेम नाहीं. ते पैसे देऊं शकणारे असतात, एवढेंच खात्रीनें सांगतां येतें.

हा प्रश्न अमेरिकेंत एकदां सर्वोच्च न्यायासनापर्यंत गेला होता. ती हकीकत मोठी बोधप्रद आहे. १९७८ सालीं कॅलिफोर्निया राज्यांतील मतदारांनीं घरें व जमिनी यांवरील करास मर्यादा घालणारा एक ठराव मंजूर केला. त्यामुळें शाळांच्या उत्पन्नास कात्री लागली. त्यांतच महागाई वाढली व पटावरील संख्या घटली. पॅसिफिक महासागराच्या कांठीं वसलेल्या सांता बार्बारा शहरांतील हायस्कुलांच्या मंडळास १९८०-८१ या वर्षासाठीं सुमारें ११ लक्ष डॉलरांची काटछाट करणें भाग पडलें. तेव्हां मंडळानें असें ठरविलें कीं, ज्या विद्यार्थ्यास एखाद्या संघांत खेळावयाचें असेल, त्यानें दर संघामागें २५ डॉलर भरावे. नाटक व संगीत या कार्यक्रमांसही असाच आकार बसविला. गरिबांसाठीं नादारीची सोयही ठेविली होती.

एका पालक बाईंनीं या फीविरुद्ध दाद मागितली. खालच्या न्यायालयांत त्यांस यश आलें नाहीं. परंतु १९८४ सालीं, हार्टझेल विरुद्ध कॉनेल या नांवानें प्रसिद्ध असलेल्या खटल्यांत, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें ही फी राज्यघटनेच्या विरुद्ध ठरविली. मुख्य न्यायाधीश रोझ बर्ड यांच्या निकालपत्राचा मथितार्थ असा कीं, शाळेनें चालविलेले खेळ व कला हें शिक्षणाचेंच अंग होय. आणि राज्यानें शिक्षण मोफत देण्याचें वचन दिलें असतां, त्या शिक्षणाच्या एका अंगाच्या दारांत पैसे मागतां येत नाहींत. तिजोरींत पैसा नाहीं ही सबब न्यायालयानें मान्य केली नाहीं. नादारी ठेविली आहे हें उत्तरही पुरेसें मानलें नाहीं.

नादारीचा हा मुद्दा विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. नादारी असतांना तक्रार कसली, असें पुष्कळांस वाटेल. परंतु नादारी मागावयाची म्हणजे चार लोकांसमोर आपल्या घरची अडचण उघडी करावयाची. वयानें लहान असलेला मानी मुलगा हें करीत नाहीं. तो शिक्षकांस सांगतो, "मला खेळाची आवड नाहीं," किंवा "घरीं काम असतें." शिक्षकही तें खरें मानतात. अशा मुलाची नोंद कोणत्याही वहींत होत नाहीं, कारण तो अर्जही करीत नाहीं व रडतही नाहीं. मैदानाच्या कडेला क्षणभर उभा राहून तो घरीं निघून जातो. फीचा खरा खर्च आम्हांस येथें दिसतो.

न्यायासाठीं दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच दशकांत मिशिगन राज्याच्या अपील न्यायालयानें शालेय सामन्यांसाठीं घेतलेली फी ग्राह्य ठरविली. खेळ हा आवश्यक शिक्षणाचा भाग नव्हे, असें त्या न्यायालयाचें मत पडलें. आजही अमेरिकेंतील कित्येक राज्यांत अशी फी घेतली जाते. म्हणजे सर्व वाद एका प्रश्नावर येऊन ठेपतो: खेळ हा शिक्षणाचा भाग आहे कीं करमणुकीचा? संघभावना, पराजय सोसण्याची शक्ति, व नियमांपुढें मान लवविण्याची संवय हे गुण मैदानावर शिकावयाचे असतात, असें आपण प्रत्येक बक्षीससमारंभांत ऐकतों. तें जर खरें असेल, तर या प्रश्नाचें उत्तर आपण आधींच देऊन बसलों आहों.

आतां तिसऱ्या मार्गाकडे वळूं. कॅलिफोर्नियानें २०१२ सालीं कायदा करून फीची बंदी पुन्हां स्पष्ट केली. परंतु खुषीनें दिलेल्या देणग्या व संघानें जमविलेला निधि यांस मोकळीक ठेविली. तिकडील मुलें मोटारी धुऊन देतात, केक व बिस्किटें विकतात, आणि येणारा पैसा संघाच्या थैलींत टाकतात. मात्र अमुक रक्कम आणलीच पाहिजे अशी सक्ति खेळाडूवर करतां येत नाहीं. कारण सक्तीची वर्गणी म्हणजे दुसऱ्या नांवाची फीच होय.

वर्गणीच्या बळाचें उदाहरण पाहावयास मात्र आपणांस समुद्रापार जावयास नको. सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडजवळ गोळेश्वर हें गांव आहे. तेथील मल्ल खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले, तेव्हां त्यांच्या प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनीं उचलला होता. त्या वेळीं त्यांचा सहावा क्रमांक लागला. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्याची वेळ आली, तेव्हां पैशाची अडचण पुन्हां पुढें उभी राहिली. खाशाबा दारोदार फिरले. गांवकऱ्यांनीं यथाशक्ति वर्गणी दिली. आणि ज्या राजाराम कॉलेजांत ते शिकले, तेथील प्राचार्य खर्डेकर यांनीं तर आपलें राहतें घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे करून दिले! खाशाबांनीं कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. ते परतले तेव्हां शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढें कुस्त्या लढवून त्यांनीं प्राचार्यांचें ऋण फेडलें.

खाशाबा त्या वेळीं शाळकरी वयाचे नव्हते हें खरें. तरी या कथेचे दोन धडे शाळेसही लागू आहेत. पहिला असा कीं, ज्या पदकास गांवानें आणा-रुपया दिला, तें पदक सर्व गांवाचें झालें. फी देणारा मनुष्य म्हणतो, "मीं पैसे मोजले, मला खेळवा." वर्गणी देणारा म्हणतो, "आमचा गडी खेळतो आहे." या दोन वाक्यांत फार अंतर आहे. दुसरा धडा कटु आहे. प्रत्येक खेळाडूस घर गहाण ठेवणारा गुरु भेटत नाहीं. वर्गणी ही दात्याच्या ऐपतीवर व मनावर अवलंबून असते; श्रीमंत वस्तींतील शाळेची थैली लवकर भरते व गरीब वस्तींतील शाळेची रिकामी राहते. यासाठीं वर्गणी ही सामान्य फंडाची जोड असावी, त्याचा पर्याय नसावी.

तेव्हां आमच्या मतें पुढील नियम प्रत्येक संघानें पाळण्याजोगे आहेत. प्रथम, संघाची निवड आधीं व्हावी व पैशाचा विचार मागाहून व्हावा. दुसरें, निवड करणारा व पैसे घेणारा हे एकच नसावेत. कोणी किती दिलें हें निवड करणाऱ्यास कळूं नये. तिसरें, जमलेला पैसा एकाच थैलींत पडावा, आणि त्या थैलींतून चेंडू, बूट व प्रवास यांचा खर्च सर्वांसाठीं सारखा व्हावा. म्हणजे कोणास नादारी मागण्याचा प्रसंगच येणार नाहीं. चौथें, वर्गणीसाठीं सरावाचा व अभ्यासाचा वेळ खर्ची पडूं नये. पांचवें, वर्षाअखेर पै न् पैचा हिशेब फलकावर लावावा. कारण हिशेब उघडा असला म्हणजे पुढील वर्षीं दाता पुन्हां हात पुढें करतो.

विद्यार्थी मित्रहो, हे नियम चालकांसाठीं आहेत तसे तुमच्यासाठींही आहेत. तुमच्या वर्गांत उत्तम धांवणारा एखादा मुलगा "मला आवड नाहीं" असें म्हणून मैदानाच्या कडेनें घरीं जात असेल. त्याला कारण विचारून लाजवूं नका. संघाची थैली अशी भरा, कीं त्याला कारण सांगण्याची गरजच पडूं नये. आणि मग त्याला नुसती हांक मारा.