तपासणीच्या दारावर उभं राहताना

(गटाच्या मासिक बैठकीत मोठ्याने वाचण्यासाठी)



जत्रा आली, मोठी सभा आली, परीक्षा आली की हल्ली आपल्या ग्रामसंघाकडे निरोप येतो, "तपासणीला बायका पाहिजेत, दहा जणी पाठवा." काम वाईट नाही. दिवसाची हजेरी मिळते, चहा-नाश्ता मिळतो, गावाबाहेर चार ओळखी होतात. पण हे काम करायचं कसं, ते कुणी शिकवत नाही. एक जॅकेट अंगावर चढवतात, हातात ते 'पीं पीं' वाजणारं यंत्र देतात आणि म्हणतात, "जा, त्या रांगेवर उभी राहा." म्हणून या वेळचा पाठ याच कामावर आहे.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं बोलायला मला तोंड राहील.

एका जत्रेत मी बायकांच्या रांगेवर होते. पहाटेपासून उभी. पाय भरून आले होते, रांग पुढे सरकत नव्हती, मागून सगळ्या ओरडत होत्या. एक आजी आल्या. नऊवारी, हातात काठी, काखेत बोचकं. कमरेपाशी यंत्र वाजलं. मी म्हटलं, "काय आहे कमरेला? काढ." काढा नाही, काढ. आजी गांगरल्या. त्या काहीतरी सांगत होत्या, मी ऐकून घेतलं नाही. बोचकं ओढलं आणि टेबलावर उपडं केलं. भाकरीचं फडकं पडलं, गोळ्यांची पाकिटं पडली, आणि जुन्या सुती लुगड्याच्या नीट घातलेल्या घड्या पडल्या. आजींना लघवी धरवत नव्हती, त्यासाठी त्या घड्या होत्या. पलीकडे पुरुषांची रांग. तिकडून कुणीतरी हसलं. आजींनी एकेक घडी उचलून परत बोचक्यात ठेवली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. आणि दर्शन न घेताच रांगेतून बाहेर पडल्या.

कमरेला काय होतं? चांदीचा करदोडा, आणि कनवटीला खोचलेले सुटे पैसे.

त्या गडबडीत मागच्या चार-पाच जणी न तपासता तशाच आत गेल्या. म्हणजे माणुसकी तर गेलीच, तपासणीपण झाली नाही. 'कडक वागलं की तपासणी चांगली होते' असं आपल्याला वाटतं ना, ते मला त्या दिवसापासून पटत नाही.

कायदा काय म्हणतो

बाईची झडती बाईनेच घ्यायची, आणि तीही तिच्या अब्रूचा पूर्ण मान राखून. हे कायद्यातच लिहिलेलं आहे. पूर्वी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५१ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम ४९ मध्ये आहे. आणि हा नियम कुणासाठी आहे, तर पोलिसांनी अटक केलेल्या बाईसाठी. गुन्ह्यात पकडलेल्या बाईची अब्रू जर कायदा जपतो, तर देवाला आलेल्या किंवा परीक्षेला आलेल्या बाईची आपण किती जपायला हवी?

आता यातला बारीक मुद्दा. 'बाईने घ्यायची' एवढंच आपण लक्षात ठेवतो आणि 'मान राखून' हा भाग विसरतो. केरळच्या कोल्लम जिल्ह्यात १७ जुलै २०२२ ला काय झालं ते बघा. डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा होती. एका केंद्रावर मुलींच्या अंतर्वस्त्राच्या हुकांवर यंत्र वाजलं, म्हणून ती काढून मग आत बसायला लावलं. मुली रडत पेपर लिहायला बसल्या. पुढे पालकांनी तक्रार केली आणि पोलिसांनी आधी ज्या पाच जणांना अटक केली, त्या सगळ्या बायका होत्या. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सप्टेंबरमध्ये त्या मुलींसाठी पुन्हा परीक्षा ठेवावी लागली. एक लोखंडाचा हूक, आणि केवढं रामायण! 'मला वरून सांगितलं होतं' हे पोलीस ठाण्यात पुरत नाही, एवढं आपण कामावर जाणाऱ्या बायांनी ध्यानात ठेवायचं.

दुसरी गोष्ट, आपल्या हक्काची हद्द. आपण पोलीस नाही. एखादी म्हणाली, "मला तपासून घ्यायचं नाही," तर तिला धरायचं नाही, ओढायचं नाही. "मग आत सोडता येणार नाही, ताई," एवढंच सांगायचं आणि तिथल्या महिला पोलिसांना हाक मारायची. खरोखरच काही धोक्याचं दिसलं तरी तसंच. हात लावायचा नाही, ओरडायचं नाही, बोलवायचं.

यंत्र काय सांगतं

हातातल्या त्या यंत्रात तारेचं वेटोळं असतं. त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. धातू जवळ आला की त्यात फरक पडतो आणि यंत्र वाजतं. बास, एवढंच त्याला कळतं. धातू आहे, हे ते सांगतं. बाई वाईट आहे असं ते सांगत नाही. आणि आपल्या बायकांच्या अंगावर धातू नाही असं कधी होतं का? जोडवी, पैंजण, मंगळसूत्राच्या वाट्या, पाटल्या, सेफ्टी पिना, हूक, किल्ल्या, गोळ्यांच्या पाकिटाची चांदी. कुणाच्या मांडीत ऑपरेशनची सळई असते, कुणाचा पाय कृत्रिम असतो.

कृत्रिम पायावरून आठवलं. नृत्यांगना सुधा चंद्रन यांना विमानतळावर तपासणीच्या वेळी दर खेपेला पाय काढून दाखवावा लागायचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीरपणे बोलून दाखवलं. मग केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने त्यांची माफी मागितली. एवढ्या नावाजलेल्या बाईंना बोलून दाखवायला लागलं. आपल्या शेजारच्या गावची पाय गमावलेली बाई कुठे बोलणार?

म्हणून वाजलं की आधी विचारायचं, "इथे काय आहे, ताई?" दहातल्या नऊ जणी स्वतःच दाखवतात. यंत्र अंगाला टेकवायचं नाही, दोन बोटं अंतर ठेवायचं, आणि फिरवण्याआधी सांगायचं, "यंत्र फिरवते हं." एवढ्या तीन शब्दांनी समोरची बाई सैल होते, बघा करून. कुणी म्हणाली, छातीत हृदयाचं यंत्र बसवलंय, तर आपलं यंत्र छातीवर धरायचंच नाही. तिचं कार्ड बघायचं आणि हाताने तपासायचं.

हाताने तपासायची वेळ आलीच तर आडोशाला. पडदा नसेल तर दोन जणींनी चादर धरायची. आयोजकांकडे आधीच मागून घ्यायची, वेळेवर मिळत नाही. आपल्याबरोबर दुसरी स्वयंसेविका उभी हवी, तिच्या रक्षणासाठी आणि आपल्याही. आधी विचारायचं, मग हात लावायचा, आणि नाजूक जागी हाताची पालथी बाजू. कपडे उतरवायला सांगायचं काम आपलं नाही, कधीच नाही. तान्हं बाळ आईच्या हातातून घ्यायचं नाही. तृतीयपंथी भाविक आल्या तर त्यांनाच विचारायचं, तपासणी कुणी केलेली चालेल. त्यावर हसणारी स्वयंसेविका आपल्या गटातली नसावी.

पिशवी

"पिशवी तुम्हीच उघडा, मी बघते." हे वाक्य पाठ करा. आपण हात घातला की वस्तू सांडतात, हरवतात, आणि मग 'माझे पाचशे रुपये होते' हा वाद. मालकिणीने स्वतः उघडली तर दोघी सुटतात. देवाचा टाक, पादुका, फोटो असेल तर तो तिच्याच हातात राहू द्यायचा. खाण्यात बोट घालायचं नाही. आम्ही एकदा शहरात प्रदर्शनाला गेलो, तेव्हा दारावरच्या बाईने ज्या हातमोज्याने सगळ्यांच्या चपला-पिशव्या चाचपल्या, तोच हात आमच्या शेंगदाणा चटणीच्या पाकिटात घातला आणि कुरडयांचा पुडा दाबून बघितला. चटणी टाकून दिली, कुरडयांचा चुरा विकला गेला नाही. कर्जाचा हप्ता त्या मालावर होता.

विळा, अडकित्ता, काडेपेटी निघाली तर हिसकावायची नाही. कामावरून थेट आलेल्या बाईकडे विळा असणारच. चिठ्ठीवर नाव लिहून, दोरीने बांधून ठेवायचा, परत न्यायची जागा सांगायची.

आणि बोलणं. आपल्याकडे 'ये गं आजी' म्हणण्यात माया असते, खरं आहे. पण जॅकेट घातलेल्या, हातात यंत्र असलेल्या बाईच्या तोंडून तेच वेगळं ऐकू येतं. तिथे अहो-जाहोच बरं.

एक गोष्ट जास्त अवघड आहे. सगळ्यांना सारखं तपासणं. सरपंचबाई, डॉक्टरीणबाई गाडीतून उतरल्या की आपण यंत्र खाली करतो आणि हसून सोडतो, आणि फाटक्या लुगड्याची बाई आली की दोनदा फिरवतो. रांगेतल्या सगळ्या ते बघत असतात. ज्यांना तपासणीची चीड येते, ती बहुतेक वेळा याचीच असते. आपल्यातल्या ज्या शहरात धुणीभांड्याला जातात, त्यांना विचारा. संध्याकाळी फाटकावर त्यांची पिशवी उघडली जाते, आणि त्याच वेळी शेजारून मॅडमची पिशवी तशीच बाहेर जाते. त्यांना पिशवी दाखवायचं दुःख नाही, आपलीच दाखवावी लागते त्याचं आहे.

आपली तपासणी होते तेव्हा आपणही मागू शकतो. तपासायला बाई हवी, आडोसा हवा, पिशवी मी उघडते. शांतपणे मागायचं. समोर उभी असलेली बाईही सकाळपासून उभी असते, हे मला आता माहीत आहे.

बैठकीत करून बघा

तीन जणींनी आपापली नेहमीची पिशवी आणावी, आवरून नाही, आहे तशी. दोघींनी स्वयंसेविका व्हायचं. पहिल्यांदा मी केलं तसं तपासा, दुसऱ्यांदा या पाठात सांगितलं तसं. घड्याळ लावून बघा, कशाला जास्त वेळ लागतो. मग जिची पिशवी उघडली तिला आधी बोलू द्या, बाकीच्यांनी नंतर.

जत्रेच्या कामाला यायचं असेल त्यांनी आपल्या ग्रामसंघाच्या लिपिकेकडे नाव द्यावं. दर दोन तासांनी पाळी बदलून मिळावी असं आपण या वेळी आयोजकांना लेखी देणार आहोत. रांगेत पाणी द्यायलाही चार जणी लागतील. ज्यांना फार उभं राहवत नाही त्यांनी ते काम मागून घ्यावं.