पेढीवरचा निरोप आणि तो सांभाळणारी साधने

कापडाच्या व्यापारात माल नंतर हलतो, शब्द आधी हलतो. मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीच्या मागावर विणलेला ताका मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटात पोहोचण्यापूर्वीच त्याचा भाव, पन्हा आणि उधारीची मुदत ठरलेली असते. ही बोलणी करणारा दलाल, पेढीवर ऑर्डर घेणारा मुनीम आणि आता दिवसभर मोबाईल सांभाळणारा घरातील मुलगा, हे सर्व संपर्काचेच काम करतात. सुताराला जसा रंधा, तशी त्यांना संपर्काची साधने. ती कशी निवडावीत आणि कशी वापरावीत, याचा विचार या लेखात करू.

पूर्वी ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहावी लागे. घाईचे काम तारेने होई. पुढे फॅक्स आला. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिला मोबाईल कॉल झाला आणि जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद पडली. परंतु तार आणि फॅक्स यांत एक मोठा गुण होता. त्यांचा कागद मागे राहत असे. फॅक्सचा चकचकीत कागद काही महिन्यांत फिका पडे, म्हणून जाणकार लोक त्याची लगेच झेरॉक्स काढून फाईलला लावत. आजच्या साधनांत वेग भरपूर आहे, पण पुरावा आपोआप टिकत नाही. तो मुद्दाम टिकवावा लागतो. म्हणून कोणतेही साधन घेताना पहिला सवाल हा विचारावा: आज झालेले बोलणे सहा महिन्यांनी, वसुलीच्या वेळी, जसेच्या तसे दाखवता येईल काय?

१. फोन

धंद्याचा नंबर आणि घरचा नंबर वेगळे असावेत. शक्य असल्यास फोनही वेगळा असावा. पेढीचा नंबर मालकाच्या किंवा पेढीच्या नावावर घ्यावा, नोकराच्या नावावर नव्हे. नोकर गेला की वर्षानुवर्षांची गिऱ्हाइके त्या नंबरासोबत जातात. फोन घेताना कॅमेऱ्याच्या मोठमोठ्या आकड्यांना भुलू नये. साठवण किती, बॅटरी किती आणि कंपनी सुरक्षेची दुरुस्ती किती वर्षे पुरवणार, हे आधी विचारावे.

फोन घेतल्याच्या दिवशीच तारा-जाळी-शून्य-सहा-जाळी ही बटणे दाबून पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक पाहावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. फोन चोरीला गेल्यास पोलिसांत तक्रार द्यावी आणि केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या सेवेवर तो क्रमांक बंद करून घ्यावा. ही सेवा मे २०२३ पासून देशभर सुरू आहे.

२. पॉवर बँक

बाजारात फिरणाऱ्या माणसाला हिची गरज रोज पडते, पण तिचा हिशेब बहुतेकांना ठाऊक नसतो. डब्यावर १०,००० मिलीअँपिअर-तास लिहिलेले असते, आणि पाच हजारांचा फोन दोनदा भरेल असे आपण समजतो. ते तसे नाही. डब्यावरचा आकडा आतील सेलचा असतो, आणि सेलचा दाब साधारण ३.७ व्होल्ट असतो. म्हणजे एकूण शक्ती ३७ वॅट-तास झाली. वायरीतून ५ व्होल्टने वीज देताना काही भाग उष्णतेत जातो. शेवटी फोन दीड वेळा भरला तरी पुष्कळ झाले. बीआयएसची नोंदणी खूण नसलेली स्वस्त पॉवर बँक घेऊ नये. विमानाने जाताना ती हातातील बॅगेतच ठेवावी, सामानात टाकू नये.

३. इअरफोन आणि आवाजी निरोप

मागाच्या कारखान्यात शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, तिथे फोनवर भाव ठरवणे म्हणजे भांडणाला बोलावणे. तारेचा साधा इअरफोन, ज्याचा माइक तोंडाजवळ येतो, तो अशा जागी पुष्कळदा महागड्यापेक्षा बरा ठरतो. त्याला चार्जिंगही लागत नाही.

लिहिण्याचा आळस म्हणून अनेकजण आवाजी निरोप पाठवतात. ज्यांचे शिक्षण उर्दूतून झाले त्यांना तर हे फार सोयीचे वाटते. परंतु तोंडी आकडे फसवे असतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, उनसठ आणि उनहत्तर, दीडशे आणि अडीचशे यांत गल्लत व्हायला खराब लाइन पुरेशी आहे. मीटरमागे दहा रुपयांची चूक पाच हजार मीटरवर पन्नास हजारांची होते. म्हणून आवाजी निरोप खुशाल पाठवावा, पण त्याखाली आकडे लिहूनच पाठवावेत.

आकडे लिहितानाही काळजी घ्यावी. देवनागरीतील एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. उर्दूतील शून्य म्हणजे केवळ एक टिंब, आणि उर्दूतील पाच घाईत काढला तर इंग्रजी शून्यासारखा वाचला जातो. सबब, ऑर्डरीत इंग्रजी अंक घालावेत आणि रक्कम अक्षरांतही लिहावी. चेकवर आपण हेच करतो.

४. कॅमेरा, भिंग आणि रंग

कापडवाल्याला सर्वांत जास्त नुकसान इथेच होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

फोनचा पडदा लाल, हिरवा आणि निळा असा स्वतःचा प्रकाश टाकतो. कापड मात्र पडलेला प्रकाश परतवते. त्यामुळे पडद्यावरचा रंग आणि थानाचा रंग कधीच पूर्ण एक नसतात. त्यातून प्रत्येक फोनचा पडदा वेगळा. एकावर गर्द दिसणारा मरून दुसऱ्यावर विटकरी दिसतो. रात्री डोळ्यांच्या आरामासाठी पडदा पिवळसर करण्याची सोय चालू असेल तर पांढरेही मोतिया दिसते.

याशिवाय दोन कापडे उन्हात एकसारखी आणि दुकानाच्या दिव्यात वेगळी दिसतात, हा अनुभव सर्वांचा आहे. रंग बनवताना वापरलेली द्रव्ये वेगळी असली की असे घडते. म्हणूनच रंगाईच्या चांगल्या कारखान्यांत नमुने तपासायला दिव्यांची पेटी असते. तिच्यात दिवसाच्या उजेडासारखा ६५०० केल्विनचा दिवा आणि दुकानात लागणारे दिवे, दोन्ही लावून पाहतात.

आपण पेढीवर इतके तरी करावे. फोटो सकाळी खिडकीजवळ, पण थेट ऊन टाळून काढावा. कापडाशेजारी कोरा पांढरा कागद आणि फूटपट्टी ठेवावी. कागदावरून समोरच्याला रंगाचा अंदाज येतो आणि पट्टीवरून नक्षीचा आकार कळतो. ताणा आणि बाणा मोजायचे एक इंची भिंग कापडावर ठेवून त्यातून जवळचा फोटो घेतला तर धागे मोजता येतात. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की तो दाबला जाऊन बारकावे जातात. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ दर्जा टिकतो.

आणि शेवटचे पण सर्वांत महत्त्वाचे: फोटोवर नक्षी पसंत करावी, रंग पसंत करू नये. रंगासाठी कापडाचा तुकडाच पाठवावा. एका तुकड्याचे दोन भाग करून दोघांनी त्यावर सही व तारीख घालावी आणि एकेक भाग जवळ ठेवावा. कुरिअरचे शंभर-दीडशे रुपये परत आलेल्या गाठीच्या भाड्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडतात.

५. नोंद टिकवणे

मोबाईलवरील निरोप म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत दोन्हीकडून पुसता येतो. निरोप आपोआप नाहीसे होण्याची सोयही आहे. ती धंद्याच्या नंबरावर बंद आहे ना, हे तपासावे. सौदा पक्का झाला की त्याच दिवशी तो एका पानावर लिहून, पीडीएफ करून समोरच्याकडे पाठवावा आणि ‘मंजूर’ असे उत्तर मागून घ्यावे. महिन्यातून एकदा सर्व नोंदी पेढीच्या संगणकात आणि एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवाव्यात. एकाच फोनमध्ये सारी पेढी ठेवणे धोक्याचे आहे.

वाद कोर्टात गेला तर काय? १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ नुसार मोबाईलमधील नोंदीची छापील प्रत द्यायची तर सोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. जुन्या कायद्याखाली हाच मुद्दा महाराष्ट्रातील एका निवडणूक खटल्यात आला होता. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये असे प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. मूळ उपकरणच हजर केले तर गोष्ट वेगळी, असेही सांगितले. यातून आपल्यासाठी धडा असा की, येणे बाकी असेपर्यंत जुना फोन विकू नये, कोरा करू नये.

६. ठकबाजीपासून बचाव

‘आमचे बँक खाते बदलले आहे, पैसे नव्या खात्यावर टाका’ असा निरोप आला तर तो ओळखीच्या नंबरावरून असला तरी थांबावे. आपल्या वहीतील जुन्या नंबरावर स्वतः फोन लावून, आवाज ओळखून खात्री करावी. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे अडवण्याची शक्यता कमी.

सौद्याचा नमुना

ऑर्डरीचे पान असे असावे: तारीख, दोन्ही पेढ्यांची नावे, मालाचा प्रकार, पन्हा इंचांत, ताणा-बाणा, मीटर (अंकी व अक्षरी), भाव प्रति मीटर, कर वेगळा की आत, नमुन्याच्या तुकड्याचा क्रमांक, माल देण्याची तारीख, भाडे कोणाचे, पैशांची मुदत, माल परत घेण्याची अट. ही तेरा कलमे भरायला दहा मिनिटे लागतात.

दुकानातील मुलांना नवा फोन घेऊन देण्यापूर्वी हे पान भरायला शिकवावे. बाजारात पेढीची पत जबानीवर उभी असते, आणि लिहून ठेवलेल्या जबानीवरून भावाभावांत व भागीदारांत तंटे होत नाहीत.