मूलद्रव्यांची मांडणी व मोकळ्या ठेवलेल्या जागा

ज्या पदार्थाचे रासायनिक क्रियेने आणखी साध्या पदार्थांत पृथक्करण होत नाही, त्यास मूलद्रव्य म्हणतात. सोने, लोखंड, गंधक ही मूलद्रव्ये होत. पाणी मात्र नव्हे, कारण ते हायड्रोजन व प्राणवायू यांच्या संयोगाने झालेले आहे. सन १७८९ मध्ये फ्रान्स देशातील लाव्हाझिये याने ३३ मूलद्रव्यांची यादी छापली. तीत त्याने प्रकाश व उष्णता यांचीही गणना केली होती. पुढे नवी मूलद्रव्ये सापडत गेली, तेव्हा प्रश्न उभा राहिला की, या सर्वांत काही क्रम आहे किंवा काय?

जर्मनीतील येना येथे डोबेरायनर नावाचा अध्यापक होता. हा एका गाडीवानाचा मुलगा. समान गुणांची मूलद्रव्ये तीन-तीन घेतली असता मधल्याचा परमाणुभार इतर दोहोंच्या सरासरीइतका भरतो, असे त्याने सन १८२९ मध्ये दाखविले. उदाहरणार्थ, लिथियम ७, सोडियम २३ व पोटॅशियम ३९. हे तिन्ही धातू सुरीने कापता येतील इतके मऊ असून पाण्याशी त्यांची क्रिया तत्काळ होते. सात आणि एकोणचाळीस यांची सरासरी तेवीसच होय. तथापि अशी त्रिकुटे थोडीच सापडली.

यानंतर लंडन शहरातील न्यूलँड्स याने सर्व मूलद्रव्ये परमाणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली. सा पासून सात स्वर म्हटल्यावर आठवा पुन्हा सा येतो, त्याप्रमाणे प्रत्येक आठवे मूलद्रव्य पहिल्याच्या गुणांचे निघते, असा नियम त्याने सन १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. पुढील वर्षी रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने तो वाचला, तेव्हा एका सभासदाने विचारले, मूलद्रव्यांची नावे वर्णमालेच्या क्रमाने लावून पाहिली काय? बिचाऱ्याचा उपहास झाला. त्याच्या मांडणीत दोष होताच. एकही जागा रिकामी राहू नये म्हणून त्याने कोबाल्ट व निकेल हे धातू क्लोरीनसारख्या वायूच्या ओळीत कोंबले होते.

सन १८६९ मध्ये रशियातील मेंडेलीव्ह याने त्या काळी ठाऊक असलेली ६३ मूलद्रव्ये मांडली. जेथे गुण जुळेनात तेथे त्याने बळेच काही न बसविता जागा मोकळी सोडली, आणि सन १८७१ मध्ये तेथे येणाऱ्या अज्ञात द्रव्यांचे गुण आगाऊ लिहून ठेविले. त्यांच्या नावांस त्याने आपल्या परिचयाचा संस्कृत शब्द ‘एक’ जोडला, जसे, एक-अ‍ॅल्युमिनियम. सन १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडले, ते हेच. शोधकाने त्याची घनता ४.७ सांगितली. मेंडेलीव्हने ती ५.९ च्या सुमारास असावी असे कळविले. धातू अधिक शुद्ध करून पुन्हा मोजला, तेव्हा ती ५.९ भरली!

तरी मेंडेलीव्हही चुकला. टेल्युरियमचा भार आयोडीनहून अधिक असताही गुणांवरून त्याने टेल्युरियम आधी ठेविले. हे योग्यच होते; परंतु भारच चुकीचा मोजला गेला असावा, हे त्याचे अनुमान खोटे ठरले. खरा क्रम परमाणूच्या केंद्रातील विद्युद्भारावरून लागतो, हे इंग्लंडातील मोझ्ली याने सन १९१३ मध्ये सिद्ध केले. आज ११८ मूलद्रव्ये त्याच क्रमाने मांडलेली आहेत.

ज्या न्यूलँड्सला लोक हसले, त्यास सन १८८७ मध्ये रॉयल सोसायटीने डेव्ही पदक दिले. यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. जे आपणांस ठाऊक नाही त्याची जागा प्रामाणिकपणे मोकळी ठेवणे हेही ज्ञानच होय. आणि कोणाचे अपुरे काम पाहून हसू नये, कारण त्यात सत्याचा अंश असू शकतो.

प्रश्न : १. डोबेरायनरचे एक त्रिकूट सांगा. २. न्यूलँड्सच्या मांडणीत कोणता दोष होता? ३. मोकळ्या जागांनी मेंडेलीव्हचे म्हणणे कसे खरे ठरले?