शेपटी कुठे जाते?

रत्नागिरीत बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. पेशींचं मरण मात्र मला पुस्तकापेक्षा सड्यावर आणि दवाखान्याच्या बाकड्यावर जास्त कळलं.

१. आगोटीला सड्यावरच्या डबक्यातून बेडकाची पिल्लं बरणीत आणायचो. दरवर्षी कोणीतरी विचारायचंच, "सर, शेपटी गळली तर तुकडा कुठाय?" तुकडा पडतच नाही. थायरॉइडच्या संप्रेरकाचा सांगावा आला की शेपटीतल्या पेशी आपलं सामान आवरतात, आक्रसतात, आणि उरलेले कण भक्षक पेशी गिळतात. ना पू, ना सूज. आपल्या बोटांमधला पडदाही आईच्या पोटात असाच विरतो. न विरल्यास बाळाची बोटं जोडलेली राहतात.

२. केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी १९७२ साली पेशींच्या अशा मरणाला ॲपॉप्टॉसिस म्हटलं. मूळ ग्रीक शब्द पानगळीचा. 'पेशींची आत्महत्या' हा शब्द मला रुचत नाही. पिकल्या पानाला आपण तसं म्हणतो का?

३. दुसरं मरण माझ्याच चुकीतून पाहिलं. गडगा रचताना काकांच्या पायाला फुरसं चावलं. मी, विज्ञानाचा मास्तर, घोट्यावर सुंभ करकचून आवळला! डॉक्टरांनी पाहिलं आणि विचारलं, "दोरी कोणी बांधलीन?" फुरशाचं विष रक्तवाहिन्यांच्या भिंती पोखरतं, रक्त गोठू देत नाही. त्यात मी पायाचा रक्तपुरवठाच तोडला होता. अशा वेळी पेशी आवराआवर करत नाहीत. फुटतात, आतला ऐवज सांडतो, आजूबाजूला सूज चढते, कातडी काळी पडते. प्रतिविषाने काका वाचले, पायाची करंगळी गेली. आता सांगतो: दोरी नको, चिरा नको, पाय न हलवता थेट सरकारी दवाखाना.

४. कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, असंच मी वर्गात सांगत आलो. ते अर्धंच होतं. लसिकाग्रंथींच्या काही कर्करोगांत बीसीएल-२ हे प्रथिन इतकं वाढतं की पेशी मरायचंच नाकारते. व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी नेमकं तेच प्रथिन अडवते. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठी अमेरिकेत तिला २०१६ मध्ये परवानगी मिळाली. निवृत्तीनंतर हे वाचलं, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांना पुन्हा वर्गात बसवावंसं वाटलं.

५. शेजारच्या आजोबांचं तोंड रात्री वाकडं झालं. घरचे सकाळच्या एसटीला थांबले. पक्षाघातात मेंदूच्या रक्तपुरवठा तुटलेल्या भागाच्या गाभ्यातल्या पेशी काही मिनिटांतच मरतात. भोवतालच्या काही तास तग धरतात, त्या वाचवता येतात. एसटी साडेसहाला होती.