ऐकू येते, पण उमजत नाही

एकट्याने हाक मारली तर आबा 'ओ' देतात. पण लेकी-जावई जमून चार जण एकदम बोलू लागले की गप्प बसतात. घरचे म्हणतात, 'साठी बुद्धी नाठी!' हा निष्कर्ष घाईचा आहे.

आवाज टिपतो कान. अर्थ लावतो मेंदू. मेंदूच्या दोन्ही बाजूंस, कानांच्या जरा वर, श्रवणकेंद्रे असतात. वयोमानानुसार आतील कानातील सूक्ष्म पेशी झिजतात व पुन्हा तयार होत नाहीत. मग तुटक आवाजातून शब्द जुळविण्यातच मेंदू थकतो. बोलणे लक्षात राहत नाही. स्मृतिभ्रंशात मात्र कान बरे असूनही गोंगाटातून शब्द निवडणे मेंदूला जमेनासे होते. कधी दोन्ही दोष एकत्र असतात. वरून लक्षणे सारखीच दिसतात, म्हणून तपासणी हवी.

उपचार न केलेला बहिरेपणा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवितो, असे 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्येही नमूद केले. २०२३ च्या एका अमेरिकी प्रयोगात, धोका अधिक असलेल्या वृद्धांची बौद्धिक घसरण श्रवणयंत्र व समुपदेशनाने ३ वर्षांत जवळजवळ निम्म्याने मंदावली. सरसकट सर्वांत मात्र फरक आढळला नाही.

तेव्हा प्रथम कानातील मळ डॉक्टरांकडून काढवून श्रवणचाचणी करावी. बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करावी. ओळखीची वाट चुकणे, नेहमीचे शब्द न आठवणे अशी लक्षणे असल्यास मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवावे.

घरी टीव्ही बंद करून, समोर बसून, एकेकाने सावकाश बोलावे. ओरडू नये. आबांना बोलण्यातून वगळू तर मुळीच नये!