धीर देणारी हाक

मुलांनो, दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी न्यूयॉर्क शहरात मॅरेथॉन शर्यत असते. पिस्कॅटवेहून ती पाहायला जाणे अवघड नाही. एडिसन स्टेशनवर आगगाडीत बसले की तासाभरात न्यूयॉर्क येते. शर्यत स्टेटन आयलंडवर सुरू होते. ब्रुकलिन, क्वीन्स, मॅनहॅटन, ब्राँक्स आणि पुन्हा मॅनहॅटन असे शहराचे पाचही विभाग पायाखाली घालून धावणारे सेंट्रल पार्कमध्ये पोहोचतात. एकूण अंतर ४२.१९५ किलोमीटर.

धावायचे तर ज्याचे त्यानेच. मग रस्त्याकडेला उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्यांचा उपयोग काय?

आधी शरीरात काय घडते ते पाहू. भात, पोळी, बटाटा यांतून मिळणारी साखर ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत आणि यकृतात साठते. धावताना ती खर्च होते. बऱ्याच जणांचा हा साठा तीस-बत्तीस किलोमीटरच्या सुमारास संपत येतो. पाय शिशासारखे जड होतात आणि मन म्हणते, "आता पुरे." इंग्रजी बोलणारे धावपटू याला 'भिंतीला धडकणे' म्हणतात. मित्राच्या हाकेने पायांत नवी साखर येत नाही, हे खरे. पण श्रम किती जड वाटतात हे मेंदू ठरवतो. आपले नाव कानी पडले की लक्ष दुखण्यावरून हटते, मान वर होते आणि आणखी थोडे धावता येते.

न्यूयॉर्कच्या वाटेवर हे अगदी स्पष्ट कळते. सुमारे पंचवीस किलोमीटरवर क्वीन्सबरो पूल लागतो. पुलावर प्रेक्षक नसतात. चढ असतो आणि हजारो पावलांचा आवाज तेवढा ऐकू येतो. पूल उतरून फर्स्ट ॲव्हेन्यूवर वळले की दोन्ही बाजूंनी माणसांचा गजर सुरू होतो. इथे हुरूप येऊन पुष्कळ जण नको तितके जोरात धावतात आणि पुढे ब्राँक्समध्ये थकतात. म्हणजे प्रोत्साहनही बेताने घ्यावे लागते.

तुमच्या आजी-आजोबांच्या मुंबईतही २००४ पासून जानेवारीत मोठी मॅरेथॉन होते. परतीच्या वाटेवर, पाय थकलेले असताना, पेडर रोडचा चढ येतो. तिथे राहणारी माणसे सकाळीच खाली उतरतात. कुणी पाणी देतो, कुणी संत्र्याची फोड पुढे करतो, आणि अनोळखी माणसालाही "शाबास! चला, चला!" म्हणतात.

मित्राला मदत करायची तर जागा विचारपूर्वक निवडावी. सुरुवातीला सगळेच ताजेतवाने असतात, आणि शेवटी गर्दी असतेच. खरी गरज मध्ये असते. मॅनहॅटनमध्ये नव्वदाव्या रस्त्याजवळ फर्स्ट ॲव्हेन्यूवर उभे राहिले, तर मित्र साधारण अठ्ठाविसाव्या किलोमीटरवर भेटतो. मग चालत फिफ्थ ॲव्हेन्यूवर जावे. अंतर दीड किलोमीटरही नाही. तेवढ्या वेळात मित्र ब्राँक्सला वळसा घालून येतो आणि अडतिसाव्या किलोमीटरच्या आसपास, चढ चढत असताना, पुन्हा दिसतो. कुठल्या बाजूला उभे राहणार ते आधी सांगून ठेवावे, म्हणजे त्याची नजर तिकडे लागून राहते. हाक नावाने मारावी. त्या गर्दीत मराठीतली हाक चटकन ओळखू येते. मात्र पाच किलोमीटर बाकी असताना "आलंच, आलंच!" म्हणू नये. थकलेल्या माणसाला खोटा हिशेब सोसत नाही.

आता एका मैत्रीची खरी गोष्ट. ही शर्यत नावारूपाला आणणारे फ्रेड लेबो हे रोमानियातील अराद शहरात यहुदी कुटुंबात जन्मले. १९७० साली पहिली शर्यत सेंट्रल पार्कमध्येच झाली. तिच्यात १२७ जण उतरले आणि ५५ जणांनी ती पुरी केली. त्या ५५ जणांत लेबो होते. १९७६ पासून शर्यत पाचही विभागांतून जाऊ लागली. पण व्यवस्थेच्या कामामुळे लेबोंना त्या वाटेवर धावायला मिळाले नाही. १९९० मध्ये त्यांना मेंदूचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. १९९२ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, ते त्या वाटेवर धावायला उभे राहिले.

त्यांच्यासोबत ग्रेटे वाइट्झ होत्या. नॉर्वेच्या या धावपटूने न्यूयॉर्कची शर्यत नऊ वेळा जिंकली होती. एरवी त्यांना सुमारे अडीच तास लागत. त्या दिवशी त्यांनी आपला वेग मोडून मित्राचा वेग धरला. रस्त्याकडेचे लोक लेबोंच्या नावाचा गजर करत होते. दोघांनी ५ तास ३२ मिनिटांत शर्यत एकत्र पुरी केली. १९९४ मध्ये लेबो वारले.

लोकांनी लेबोंना आवाज दिला. वाइट्झ यांनी त्यांना आपले पाच तास दिले. दोन्हींची गरज होती.

स्वाध्याय

१. तीस-बत्तीस किलोमीटरनंतर पाय जड का होतात?
२. फर्स्ट ॲव्हेन्यूवरचा गजर कधी कधी नडतो, तो कसा?
३. ग्रेटे वाइट्झ यांनी 'आपला वेग मोडला' म्हणजे काय केले?
४. वाक्यात उपयोग करा : धीर देणे, हुरूप येणे, पाठ थोपटणे, नजर लागून राहणे.
५. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा : कठीण वेळी त्यांच्या सोबत कोण चालले? उत्तर मराठीत पाच ओळींत लिहून आणा.