वजन फुकट, पकड मोलाची

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून मी शाळेमागच्या पटांगणात व्यायाम करून घेतो. तालुक्याच्या जिमची फी आणि रोजचं एसटीभाडं त्यांच्या घरांना झेपत नाही, म्हणून साहित्य आम्हीच बनवतो. ते करता करता जे उमगलं, ते असं.

१. जडपणा विकत घ्यावा लागत नाही. वाळू, खडी, दगड गावात पडलेलेच असतात. पैसा आणि डोकं खर्च करायचं ते हात जिथे धरतो तिथे आणि ओझं जिथे जोडलंय किंवा टांगलंय तिथे. जुन्या तालमीतली नाल पाहा. ती दगडच, पण आत कोरलेली मूठ असते आणि घडवणाऱ्याचं सगळं कसब त्या मुठीत उतरलेलं असतं.

२. सुरुवात पोत्यापासून करावी. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड-पावणेदोन किलो भरते. ती थेट पोत्यात ओतली तर विणीतून गळते आणि वजन कमीजास्त करता येत नाही. जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पाच-पाच किलोच्या पुरचुंड्या बांधा, त्या खताच्या रिकाम्या पोत्यात घाला आणि वरून गोणपाट चढवा. तोंड सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळलं की सुटत नाही. नव्या मुलाला तीन पुरचुंड्या, महिन्याभराने चौथी. पोतं गच्च भरू नये. सैल पोतं खांद्यावर हलतं, सरकतं, त्यामुळे पोट, पाठ, मांड्या सगळ्यांना कामाला लागावं लागतं. वाळू आधी उन्हात वाळवा, कारण ओल्या वाळूचं वजन फसवं असतं. किराणा दुकानातला काटा मागितला तर कुणी नाही म्हणत नाही.

३. सिमेंटच्या वजनात खरी परीक्षा पाइपची. एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी हे गवंड्याचं नेहमीचं प्रमाण पुरतं. रंगाच्या चार लिटरच्या डब्यात असं काँक्रीट साडेनऊ किलोच्या आसपास बसतं. दोन टोकांना दोन डबे आणि मधे चार फुटी पाऊण इंची जी.आय. पाइप घेतला की २१ किलोंची दांडी तयार होते. पाऊण इंचीच का? त्याची बाहेरची जाडी सुमारे २७ मिलिमीटर असते, ती मुलींच्याही मुठीत नीट मावते. एक इंची पाइप बाहेरून जवळपास ३४ मिलिमीटर भरतो आणि लहान हातातून निसटू पाहतो.

गुळगुळीत पाइप काँक्रीटमध्ये नुसता खोचला तर काही दिवसांनी आतल्या आत फिरू लागतो आणि एक दिवस टोक सुटून पायावर येतं. म्हणून वेल्डरकडून दोन्ही टोकांना सळईचे तुकडे आडवे जोडून घ्या. हा खर्च अजिबात वाचवू नका. डबा भरताना ओळंबा लावून पाइप उभा धरा. एक टोक घट्ट झालं की दांडी उलटी करून दुसरं भरा. दोन्ही डब्यांत माल मापून नव्हे, तोलून घाला. मालात पाणी कमी ठेवा आणि पुढे निदान सात दिवस ओलं गोणपाट गुंडाळून पाणी मारत राहा. खाली ठेवायला ट्रकचे जुने टायर आडवे टाकावेत. काँक्रीट आपटलं की तडकतं.

४. गदा एक असली तरी सगळ्यांना पुरते, आणि एवढ्या कमी पैशात इतकं शिकवणारं दुसरं साधन मला माहीत नाही. २० सेंटिमीटर व्यासाचा काँक्रीटचा गोळा सुमारे १० किलो भरतो. नवशिक्याला १५ सेंटिमीटरचा, म्हणजे सव्वाचार किलोंचा बास. जुना रबरी चेंडू कापून साचा करता येतो. दांडा भरीव वेळूचा असावा आणि गोळ्यात शिरणाऱ्या भागातून आरपार खिळे ठोकलेले असावेत. हात गोळ्याजवळ धरला तर गदा हलकी लागते, दांड्याच्या टोकाला धरला तर तीच खांदे उतरवते. वजन तेवढंच राहतं, तरफ बदलते. त्यामुळे हात वीतभर मागे सरकवणं हीच इथली बढती. फिरवणाऱ्याच्या आसपास दहा फुटांत कुणी उभं राहायचं नाही.

५. पुलअपच्या दांडीचा पाया जमीन बघून घ्यावा. आमच्याकडे काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दीड फुटावर रोवलेले खांब वर्षभरात कलतात. मुरूम लागेपर्यंत खणा, मगच काँक्रीट भरा. वर एक इंची पाइप घ्या आणि दोन खांबांत चार फुटांहून जास्त अंतर ठेवू नका. ७० किलोंचा मुलगा झोके घेऊ लागला की दांडीवरचा ताण दुपटीच्या घरात जाऊ शकतो. वापरण्याआधी दोघा धिप्पाड माणसांनी एकदम लोंबकळून पाहावं.

६. ज्या वजनाखाली आडवं व्हावं लागतं, ते घरी बनवू नये. छातीसाठी जोर आहेत.

७. गोळा विकतच घ्यावा. भरतीत मुलांना ७.२६० किलोंचा आणि मुलींना ४ किलोंचा गोळा फेकावा लागतो. काँक्रीटमध्ये ७.२६० किलो बसवायचे तर गोळ्याचा व्यास १८ सेंटिमीटर होतो, लोखंडी गोळा ११ ते १३ सेंटिमीटरचा असतो. मोठ्या गोळ्यावर बोटांची ठेवण वेगळी आणि मानेशी टेकवण्याची जागाही वेगळी. ती सवय मैदानात नडते. गावाने वर्गणी काढून दोन्ही गोळे आणावेत. बहुतेक ठिकाणी जड गोळा येतो आणि चार किलोंचा राहून जातो, मग मुली मुलांच्याच गोळ्याने सराव करतात आणि खांदा दुखवून घेतात. आधी त्यांचा आणा, आणि पहाटे मैदानावर येणाऱ्या मुलींपैकीच एकीकडे गोळे ठेवायच्या पेटीची किल्ली द्या.